गच्चीवरची काजळी आणि कॅनडाचा धूर

फेब्रुवारीतली गोष्ट. आईनं सकाळी गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घातल्या आणि संध्याकाळी काढायला गेली तर त्यांवर काळी पिसं. बोटभर लांब, वजन काहीच नाही, पण झटकायला हात लावला की फासलीच म्हणून समजा. आमचं घर कोल्हापूरच्या अशा टोकाला आहे की पुढच्या दारात रिक्षा आणि मागच्या दारात ऊस. त्यामुळं आईचा निकाल तयार होता. "कारखान्याची राख. गळीत सुरू झालं की आमच्या गच्चीचं वाटोळं."

मी शहाणपणा करायला गेलो. नासाचा 'फर्म्स' नावाचा नकाशा आहे, जगात कुठं आग लागलीय ते उपग्रहाकडून घेऊन तांबड्या ठिपक्यांत दाखवतो, फुकट. फोनवर उघडला. आमच्या आसपास एकही ठिपका नाही. म्हटलं, आई, शेतात काही पेटलेलं नाही, तुझंच बरोबर दिसतंय.

तेवढ्यात शेजारचे तात्या आले. सगळं आयुष्य उसात गेलेला माणूस. त्यांनी एक पीस अलगद तळहातावर घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "ही बघ की, पाल्याची शीर दिसतीया. कारखान्याची राख बारीक असतीया, वाळूगत, डोळ्यात खुपती. कुणीतरी पाचट पेटवलंय." (पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर शेतात उरलेला वाळका पाला.) खरंच, जळून कोळसा झालेल्या त्या तुकड्यावर पानाच्या सरळ रेषा जशाच्या तशा होत्या.

म्हणजे घरापासून अर्ध्या-एक किलोमीटरवर लागलेली आग उपग्रहाला दिसली नाही. आणि हेच उपग्रह २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या क्यूबेकच्या जंगलांचा धूर अटलांटिक ओलांडून स्पेन-पोर्तुगालपर्यंत गेलेला दाखवत होते. हे कसं काय? त्याचं उत्तर शोधताना धुराचा माग कसा काढतात ते बऱ्यापैकी कळलं. ते इथं मांडतोय.

आधी एक घोळ मिटवू. आग शोधणं आणि धूर शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. फर्म्सवरचा ठिपका आगीचा असतो, धुराचा नाही. आग सापडते उष्णतेवरून. गरम तव्याजवळ तळहात नेला की तवा लाल नसतानाही धग लागते. ती धग म्हणजेच डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त प्रकाश. प्रत्येक वस्तू असा प्रकाश टाकत असते आणि वस्तू जितकी तापलेली, तितक्या त्या प्रकाशाच्या लहरी आखूड. साधी जमीन, झाडं, आपण स्वतः, सगळे मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपास चमकतो. आग चमकते ३-४ मायक्रॉनला. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड.)

गंमत आकड्यात आहे. २७ अंशांची जमीन आणि सव्वासातशे अंशांची आग शेजारी ठेवली, तर ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात आग जमिनीच्या अठ्ठावीसेक पट उजळ दिसते. तीच ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात साडेचार हजार पट. म्हणून उपग्रह एकाच जागेचे या दोन्ही पट्ट्यांतले फोटो घेतो आणि ताडून बघतो. ४ मध्ये एकदम भडकलेलं आणि ११ मध्ये जेमतेम हललेलं असेल, तर तिथं छोटीशी पण कडक उष्ण जागा आहे. व्हिअर्स नावाच्या उपकरणात आग शोधायच्या फोटोतला एक चौकोन ३७५ मीटर बाजूचा असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर. कागदावरचा हिशेब असा निघतो, की त्या ३५ एकरांत दीड गुंठा जरी पेटलेला असला तरी ४ मायक्रॉनला तो अख्खा चौकोन पाचपट उजळेल. म्हणजे आमच्या मागच्या शेतातली आग लहान होती म्हणून सुटली, असं म्हणायला जागा नाही.

सुटली ती वेळेमुळं. व्हिअर्स ज्या उपग्रहांवर आहे ते पृथ्वीपासून आठशेक किलोमीटरवरून, ध्रुवावरून ध्रुवाकडं फिरतात आणि आपल्या डोक्यावर येतात दुपारी दीडच्या सुमाराला आणि रात्री दीडच्या सुमाराला. पोस्टमनसारखे. आले, बघितलं, गेले. पाचट पेटवणारा शेतकरी काही दुपारी दीडला पेटवत नाही. तो थांबतो वारा पडायची, कारण शेजारच्या उभ्या उसात ठिणगी गेली तर भांडण पिढ्यान्पिढ्या चालतं. त्यामुळं काम संध्याकाळी, आणि एकरभर पाचट पंधरा मिनिटांत खलास. पोस्टमनला याचा पत्ताच नाही.

मग सतत बघणारा कुणी नाही का? आहे की. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला की तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि एकाच जागी खिळल्यासारखा राहतो. २०१६ साली सोडलेला आपला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवला होता. कोल्हापूरचा रेखांश ७४.२. म्हणजे दक्षिणेला तोंड करून वर बघितलं की पहारेकरी जवळजवळ समोरच. असे उपग्रह दर अर्ध्या तासाला फोटो देतात, जपानचा हिमावारी आणि अमेरिकेचे गोज दर दहा मिनिटांना. पण इतक्या लांबून नजर मोठी होते. इन्सॅटच्या उष्णता मोजणाऱ्या फोटोतला एक चौकोन चार किलोमीटर बाजूचा, म्हणजे सुमारे चार हजार एकर. त्यात आमचं एकरभर पाचट म्हणजे दर्या में खसखस. जवळच्याला बारीक दिसतं पण तो थांबत नाही, थांबलेल्याला बारीक दिसत नाही. सगळं काम या दोघांची सांगड घालून चालतं.

आता धुराकडं येऊ. हा भाग मला कुठल्या संकेतस्थळावर नाही, गुऱ्हाळावर नीट कळला.

गुऱ्हाळावर दोन गोष्टी शेजारी शेजारी वर जात असतात. काहिलीतून उकळत्या रसाची वाफ आणि चुलवाणाच्या धुराड्यातून चिपाडांचा धूर. वाफ कुठूनही बघा, पांढरी. धुराचं तसं नाही. धुराड्यातून नुसता काळा लोट येत असेल तेव्हा नाही, पण आग चांगली धरली आणि धूर विरळ झाला की मागं झाडी किंवा डोंगर असेल तर तो निळसर दिसतो. तोच धूर चार पावलं सरकून मोकळ्या उजळ आभाळासमोर बघितला तर तपकिरी. धूर तोच, रंग दोन. पुढच्या वेळी गरम गूळ खायला गेलात तर बघाच.

कारण कणांच्या आकारात आहे. वाफेचे थेंब दहाएक मायक्रॉनचे, प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळ्या रंगांना सारखंच उधळतात, म्हणून पांढरे. धुराचे कण मायक्रॉनच्याही दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, लहरींपेक्षा लहान. ते निळ्याला जास्त उधळतात आणि तांबड्याला बऱ्यापैकी जाऊ देतात. मागं काळोख असेल तर उधळलेला निळा आपल्याला दिसतो. मागं उजेड असेल तर त्यातला निळा गळून उरलेला तांबूस-तपकिरी दिसतो.

उपग्रह नेमकं हेच वरून करतो. खाली समुद्र किंवा गर्द जंगल असेल तर धूर उठून दिसतो. खाली वाळवंट, बर्फ किंवा ढग असेल तर त्यातच मिसळून जातो. आणि कण लहान असल्यामुळं आणखी एक फायदा मिळतो. दोन मायक्रॉनच्या पुढच्या लहरींना धूर जवळजवळ अडवतच नाही. त्यामुळं डोळ्यांना नुसता राखाडी गोधडा दिसतो त्याच जागी त्या पट्ट्यातल्या फोटोत खालची आगीची रेघ स्वच्छ दिसते. ढग मात्र तिथंही अडवतो. एकाच जागेचे दोन फोटो, एकात झाकलेलं आणि दुसऱ्यात उघडं असेल तर तो धूर. दोन्हींत झाकलेलं असेल तर ढग.

धूर किती दाट, हे मोजायचं एक माप आहे. मराठीत त्याला प्रकाशीय जाडी म्हणता येईल. माप १ असेल तर सूर्याच्या सरळ येणाऱ्या शंभर किरणांतले ३७ खाली पोचतात. २ असेल तर १४. ३ असेल तर पाच. एकावर एक ओढण्या धरल्यासारखं, प्रत्येक ओढणी आधीच्यातून आलेल्यातलं तेवढंच प्रमाण गाळते.

बर्फावरचा किंवा ढगावरचा धूर कसा पकडायचा? याचं उत्तर चुकून सापडलं, आणि अशा गोष्टी मला फार आवडतात. १९७८ साली नासानं निंबस-७ उपग्रहावर एक उपकरण पाठवलं, ओझोन मोजायला, अतिनील प्रकाशात. मोजमापात काही ठिकाणी गडबड यायची. पुढं लक्षात आलं की ती गडबड म्हणजे धूर आणि धूळ. स्वच्छ हवा अतिनील प्रकाश भरपूर उधळते आणि धूर तो गिळतो. खाली ढग असो वा बर्फ, हवेची ती चमक कमी झालेली दिसली की वर काहीतरी गिळणारं आहे हे उघड. ओझोनवाल्यांच्या दृष्टीनं जो कचरा होता त्यातून धूर शोधायचं एक मापच तयार झालं. आता २०१७ साली सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी हे काम रोज करतो.

तोच उपग्रह कार्बन मोनॉक्साइडही मोजतो. अर्धवट जळण्यातून निघणारा हा वायू धुराचा सोबती. कण आठवड्याभरात पावसानं धुऊन खाली येतात, पण हा वायू एक-दोन महिने हवेत टिकतो. म्हणजे धूर डोळ्यांना दिसेनासा झाला तरी त्याचा माग राहतो. फक्त गाड्या आणि कारखानेही तो सोडतात, त्यामुळं एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

इथवर सगळं ठीक. पण या सगळ्या पद्धती वरून खाली बघतात, आणि धुराच्या बाबतीत खरा प्रश्न असतो उंचीचा.

थंडीत सकाळी पन्हाळ्याच्या तटावर उभं राहून पूर्वेला बघा. खाली पंचगंगेच्या काठाकाठानं गुऱ्हाळं आणि चुलींचे धूर सरळ वर येतात आणि एका ठरावीक उंचीवर, काचेला टेकल्यासारखे, आडवे पसरतात. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्या झाकणाखाली अडकतो. नऊ-दहाला ऊन चढलं की झाकण उठतं. तटावरून तो थर बाजूनं दिसतो म्हणून त्याची उंची कळते. सरळ डोक्यावरून बघणाऱ्याला फक्त धुरकट शहर दिसेल. तो धूर लोकांच्या नाकाशी आहे की हजार मीटर वर, हे त्याला कळणार नाही.

यात जीवावरचा फरक आहे. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोचं आभाळ भर दिवसा नारिंगी झालं, दुपारी दिवे लावावे लागले. फोटो जगभर फिरले. पण त्या दिवशी जमिनीवरची हवा दिसत होती तितकी वाईट नव्हती. समुद्रावरून आलेला गार हवेचा थर खाली होता आणि धूर त्याच्यावर. वरून बघणाऱ्यानं आकडा काढला असता तर लोकांना उगीच घाबरवलं असतं. आणि उलटंही होतं. वरून विरळ दिसणारा धूर सगळा जमिनीलगत असेल तर तो छातीत भरतो.

उंची मोजायच्या दोन युक्त्या सांगतो. एक, टेरा उपग्रहावरचं मिसर नावाचं उपकरण. त्याला नऊ कॅमेरे, काही पुढं बघणारे, एक सरळ खाली, काही मागं. एकच धुराचा लोट सात मिनिटांत नऊ कोनांतून टिपला जातो. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून नाकासमोरचं बोट बघा, ते मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं वाटतं. बोट जितकं जवळ तितकं जास्त सरकतं. मिसर तेच गणित करतो. दुसरी युक्ती लेसरची. २००६ ते २०२३ पर्यंत कॅलिप्सो नावाचा उपग्रह हिरव्या लेसरचे झटके खाली सोडत होता आणि परत येणाऱ्या उजेडाला किती वेळ लागला यावरून कुठला थर किती उंच ते सांगत होता. त्याचं चित्र म्हणजे वातावरणाचा उभा काप, पन्हाळ्यावरून दिसतो तसा. अडचण एवढीच की तो काप एका बारीक रेषेवरचा. रेषेच्या दोन्ही बाजूंना काय आहे, देव जाणे.

आणि उंचीवरच धूर किती लांब जाणार हे ठरतं. जमिनीलगतचा धूर एक-दोन दिवसांत आसपासच विरतो. आठ-दहा किलोमीटरवर पोचलेला धूर तिथल्या वेगवान वाऱ्यात सापडतो आणि दोन-चार दिवसांत खंड ओलांडतो. आग फारच मोठी असेल तर ती स्वतःचा वादळी ढग उभा करते, विजा चमकतात, आणि हा ढग धुराडं होऊन धूर थेट पावसापाण्याच्या थराच्या वर नेऊन सोडतो. तिथं धुवायला पाऊसच नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या आगींचा धूर असाच वर गेला, पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेवर पोचला, पृथ्वीची प्रदक्षिणा केली. त्यातला एक हजारेक किलोमीटर रुंदीचा भोवरा उन्हानं तापत तापत ३५ किलोमीटरपर्यंत चढला. काळ्या छत्रीखाली गरम होतं ना, तसं. काजळी ऊन पिते, भोवतालची हवा तापवते आणि तिच्याबरोबर वर उचलली जाते.

हे सगळं उपग्रहांआधीही घडतच होतं, फक्त कोडं सुटायला वेळ लागायचा. सप्टेंबर १९५० मध्ये स्कॉटलंडमध्ये लोकांना एके दिवशी सूर्य निळा दिसला. निळा! कारण होतं पश्चिम कॅनडातली चिंचागा नावाची प्रचंड आग. त्या धुरातले कण नेहमीपेक्षा थोडे मोठे आणि जवळपास एकाच आकाराचे होते, त्यामुळं ते उलट तांबड्याला जास्त अडवत होते. हवामानाचा पहिला उपग्रह टायरॉस-१ वर गेला १९६० साली. तोवर अशा धुराचा माग काढायचा तर विमानांचे अहवाल, वाऱ्याच्या नोंदी आणि टपालानं आलेली पत्रं जुळवत बसायचं.

आता जुळवणी कशी होते ते २०२३ वर बघू. जूनच्या सुरुवातीला क्यूबेकमध्ये विजा पडून आगी लागल्या. ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात ठिपक्यांची रांगोळी उमटली. गोज उपग्रहाच्या दर काही मिनिटांच्या फोटोंत धूर हलताना दिसू लागला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत कमी दाबाचा एक भोवरा ठाण मांडून होता. उत्तर गोलार्धात असा भोवरा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिमेला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडं. धूर त्या सरळ नळीतून खाली आला आणि ७ जूनला न्यूयॉर्क नारिंगी झालं. इथं जमिनीवरच्या यंत्रांनीही धोक्याचे आकडे दिले, म्हणजे धूर नाकाशीच होता. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं. महाराष्ट्राचं जवळपास निम्मं.

धूर दिसला पण आग कुठली, हे विचारायचं असेल तर वारा उलटा चालवतात. हवेचा एक पुंजका आज न्यूयॉर्कवर आहे, तर तासापूर्वी कुठं होता, त्याआधी कुठं, असं संगणक वाऱ्याच्या नोंदींवरून मागं मागं नेतो. अमेरिकेच्या हवामान यंत्रणेचं हिसप्लिट नावाचं प्रारूप यासाठी जगभर वापरतात. सुरुवातीची उंची पाचशे मीटर धरली तर वाट एक, पाच हजार धरली तर भलतीच. परत तोच उंचीचा प्रश्न. वाट जिथं आगीच्या ठिपक्यांवरून जाते, तिथं उत्तर असण्याची शक्यता जास्त.

आणि एवढं सगळं असून, त्याच यंत्रणेत आजही माणसं पडद्यासमोर बसून उपग्रहाचे फोटो पुढं-मागं करत धुराची कड हातानं आखतात. विरळ, मध्यम, दाट अशा तीन रंगांत. एका स्थिर फोटोत धूर, धुकं, धूळ, विरळ ढग सगळं सारखंच दिसतं. फोटो हलवला की धूर एका टोकाला धरून वाहताना दिसतो. ती ओळख अजून तरी सरावलेल्या नजरेला लवकर पटते.

आपल्याकडं या विषयाची चर्चा होते ती दिवाळीच्या आसपास, पंजाब-हरियाणातल्या भाताच्या काडांवरून. तिथंही घड्याळाचाच घोळ आहे. दीड वाजता येणाऱ्या उपग्रहाचे ठिपके कमी झाले म्हणून आगी कमी झाल्या असं वाटत होतं. पण कोरियाच्या स्थिर उपग्रहाच्या फोटोंत दुपारनंतरचा धूर दिसत होता. ठिपके मोजून धोरण ठरवणाऱ्यांनी आधी ठिपका कधी पडतो ते विचारायला हवं होतं, असं माझं मत.

मार्चमध्ये परत एकदा योग आला. संध्याकाळी सहा चाळीसला ओढ्याकडंच्या शेतात पाचट पेटलं. मी घड्याळ लावून गच्चीवर उभा राहिलो. तडतड आवाज, दोन पुरुष उंच जाळ, वर जाणारा तपकिरी लोट. नारळाच्या शेंड्याच्या बऱ्याच वर गेल्यावर तो वाकला आणि आडवा होऊन शहराकडं सरकू लागला. मागं कलत्या उन्हाचं आभाळ होतं तोवर तपकिरी, पुढं झाडीवर आला तसा निळा. सहा बावन्नला सगळं संपलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी नकाशा बघितला. करवीर तालुक्यात एकही ठिपका नव्हता.

काळी पिसं या वेळीही पडली, पण रिकाम्या दोऱ्यांवर. आईनं कपडे दुपारीच काढले होते. सकाळी दूध घालायला आलेल्या तात्यांनी सांगून ठेवलं होतं, "आज ओढ्याकडं पेटवणार हाईत."